दोरीतला ताण कोण ठरवतं?

अकरावीच्या फिजिक्समध्ये न्यूटनचे नियम शिकवून होत आले की फळ्यावर एक ठरलेली आकृती येते. टेबलावर ४ किलोचा ठोकळा. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेला बसवलेल्या कप्पीवरून खाली आलेली आणि तिच्या टोकाला १ किलोचा ठोकळा लटकलेला. टेबल गुळगुळीत आहे, घर्षण धरायचं नाही. ठोकळा सोडल्यावर दोरीतला ताण किती? वर्गातून हमखास उत्तर येतं, १० न्यूटन. (गुरुत्व त्वरण इथे आणि पुढेही सोयीसाठी १० धरलं आहे.) कारणही तयार असतं: दोरीला १ किलो लटकलाय, मग त्याचं सगळं वजन दोरीवरच येणार.

पुलीची बरीच गणितं इथेच फसतात. ताण खरोखर १० न्यूटन असता, तर लटकलेल्या ठोकळ्यावर खाली १० आणि वर १० अशी बरोबरी झाली असती आणि तो जागचा हललाच नसता. पण सोडल्याक्षणी तो खाली निघतो. म्हणजे ताण १० पेक्षा कमी असलाच पाहिजे. किती कमी, हे दोन्ही ठोकळ्यांकडे वेगवेगळं पाहिल्यावर कळतं. टेबलावरच्या ठोकळ्याला पुढे ओढणारी दोरी सोडून दुसरं कुणी नाही, म्हणून ताण = ४ × त्वरण. लटकलेल्या ठोकळ्यासाठी १० − ताण = १ × त्वरण. दोन्हींची बेरीज केली की त्वरण २ येतं आणि ताण ८ न्यूटन.

आता टेबलावरचा ठोकळा हाताने घट्ट धरून ठेवावा. दोरी तीच, लटकलेला १ किलोही तोच, पण ताण बरोबर १० न्यूटन होतो. हात काढला की पुन्हा ८. टेबलावर ४ ऐवजी ९ किलोचा ठोकळा ठेवला तर ९. लटकलेल्या वजनात कणभरही फरक न पडता ताण बदलत राहतो, कारण दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय यावरही तो अवलंबून असतो. ताण वजनाइतका धरून गणिताला सुरुवात करणारा विद्यार्थी जे शोधायचं तेच आधी गृहीत धरून बसतो. पुढची बीजगणिताची पायरी न् पायरी बरोबर आली तरी उत्तर चुकतं, आणि आपलं नेमकं कुठे चुकलं हे त्याला दिसत नाही. एफबीडी, म्हणजे एकेक वस्तू सुटी काढून तिच्यावरच्या बलांची आकृती, काढायचा आग्रह शिक्षक धरतात तो याचसाठी. बरीच मुलं मात्र ती दोन गुणांची आकृती समजून शेवटी काढतात.

दुसरा गैरसमज स्प्रिंगकाट्याचा. काटा टेबलावर आडवा ठेवून त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या दोन कप्प्यांवरून खाली सोडल्या आणि प्रत्येकीला ५ किलो लटकवले, तर काटा किती दाखवेल? कुणी १० सांगतं. दोन्ही ओढी एकमेकींविरुद्ध म्हणून कुणी शून्य सांगतं. काटा दाखवतो ५. एरवी भाजीवाला काटा हुकाला अडकवून ५ किलो तोलतो, तेव्हा तो हूकही वरच्या बाजूने तेवढ्याच बलाने काटा ओढत असतो. इथे हुकाचं काम दुसरे ५ किलो करतात, इतकाच फरक.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात गन्स्टोन आणि व्हाइट यांनी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सायकलच्या चाकाची कप्पी केली होती आणि तिच्या दोन बाजूंना वाळूची बादली आणि लाकडी ठोकळा टांगला होता. दोन्ही बाजू स्थिर, पण एक खाली, एक वर. जी खाली ती जड, असं काही विद्यार्थ्यांनी मानलं. त्यांच्या मनात तराजू होता. तराजूची दांडी झुकते आणि पारडी समान असतील तर पुन्हा सरळ होते. कप्पीला अशी सवय नसते. दोन्ही बाजूंची वजनं सारखी असली, की एक बाजू छताजवळ आणि दुसरी जमिनीजवळ असली तरी ती तिथेच थांबतात. (दोरीचं वजन इथे सोडून दिलं आहे.) हलकासा धक्का दिला तर घर्षण अडवेपर्यंत एकसारख्या वेगाने सरकत राहतात.

दोन वजनांच्या या मांडणीला इंग्लंडमधल्या जॉर्ज अ‍ॅटवुडचं नाव आहे. केंब्रिजच्या या शिक्षकाने १७८४ साली पुस्तकातून आपलं यंत्र जगापुढे ठेवलं. त्याची अडचण खरी होती. मोकळी सोडलेली वस्तू १ मीटर अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापते, आणि तेवढा वेळ त्या काळच्या घड्याळाने नीट मोजणं कठीण. पण कप्पीच्या एका बाजूला ५१० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला ५०० ग्रॅम टांगले, की त्वरण गुरुत्व त्वरणाच्या १०१ व्या हिश्शावर येतं. तेच १ मीटर कापायला साडेचार सेकंद लागतात, म्हणजे सावकाश मोजता येतं. चाकाच्या घर्षणाने हिशेब बिघडू नये म्हणून त्याने कप्पीचा आस चार छोट्या चाकांवर टेकवला होता. दोनशे वर्षांनी, १९९४ साली, अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच यंत्राचे प्रश्न विद्यार्थ्यांना घातले. नेहमीची गणितं शिकून झालेली मुलंही दोरी आणि ताण यांच्यापाशी अडखळत होती.

कप्पीने बळ वाचतं, ही समजूत तर शाळेपासूनची. विहिरीच्या काठावर पक्क्या बसवलेल्या कप्पीने ते वाचत नाही. १५ किलोची भरलेली बादली वर काढायला १५० न्यूटन लागणारच, घर्षणामुळे थोडे जास्तच. सोय आहे ती दिशेची: वर उपसण्याऐवजी खाली ओढायचं, त्यामुळे अंगाचं वजन कामी येतं. मोटेवर हीच युक्ती होती. चाकावरून आलेला नाडा ओढत बैल धावेच्या उतारावरून खाली चालायचे, आणि चढ चढताना मोट रिकामी असायची. मोठं चाक लावलं की ओढणं हलकं वाटतं ते आसाजवळचं घर्षण कमी जाचतं म्हणून. बादलीचं वजन त्याने कमी होत नाही.

चल कप्पीने, म्हणजे ओझ्याबरोबर वर जाणाऱ्या कप्पीने, बळ निम्मं होतं हे खरं. पण ओझं १ मीटर उचलायला दोरी २ मीटर ओढावी लागते, म्हणून काम तेवढंच राहतं. गणितात याच्यामुळे आणखी एक चूक होते. ओझं आणि दोरीचं मोकळं टोक दोघांनाही एकच त्वरण दिलं जातं, आणि टोकाचं त्वरण ओझ्याच्या दुप्पट असतं हे निसटून जातं.

जितक्या कप्प्या तितके पट फायदा, हाही हिशेब खरा नाही. मोजायचं ते हे, की हलणाऱ्या वस्तूला दोरीचे किती पदर वर ओढताहेत. इमारतीच्या बाहेर झुल्यावर बसलेला रंगारी घ्यावा. दोरी झुल्यापासून वर गच्चीच्या हुकातल्या एकाच स्थिर कप्पीवरून परत त्याच्या हातात आलेली. रंगारी आणि झुला मिळून ८० किलो. स्वतःला वर खेचायला त्याला ४०० न्यूटन पुरतात, कारण एक पदर झुल्याला वर ओढतो आणि दुसरा त्याच्या हाताला. तीच दोरी खाली उभ्या असलेल्या सोबत्याने ओढली तर ८०० न्यूटन लागतील, आणि गच्चीवरच्या हुकावर ८०० ऐवजी १६०० न्यूटनांचा भार येईल. हा हूक निवडणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

लिफ्टची मोटर पाळण्याचं सगळं वजन उचलते असंही बहुतेकांना वाटतं. दोराच्या दुसऱ्या बाजूला पाळण्याच्या वजनापेक्षा क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांनी जास्त असा प्रतिभार टांगलेला असतो. त्यामुळे रिकामी लिफ्ट आपणहून वर जाऊ पाहते आणि मोटरला तिला आवरून धरावं लागतं.

‘कप्पीच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखाच’ हे वाक्य मुलं नियमासारखं पाठ करतात. ती फक्त हलक्या, घर्षण नसलेल्या कप्पीसाठी घेतलेली सोय आहे. टोकांना ३ आणि २ किलो बांधलेली दोरी २ किलोच्या भरीव चकतीवरून गेली, तर चकती फिरवायलाही बल लागतं. एका बाजूला ताण २५ न्यूटन येतो, दुसऱ्या बाजूला २३.३.

हेच ३ आणि २ किलो हलक्या कप्पीवर टांगून ती कप्पी स्प्रिंगकाट्याला अडकवली तर प्रयोगशाळेत पाहण्यासारखं काही घडतं. काटा ५ दाखवेल असं सगळ्यांनाच वाटतं. ३ किलोला खालून तळहात लावून थोपवलं, तर दोरीत फक्त २ किलोचा ताण उरतो आणि काटा ४ दाखवतो. तळहात काढून २ किलोला खाली दाबून धरलं तर काटा ६ वर जातो. दोन्ही सोडून दिली, की वजनं सरकत असेपर्यंत तो ४.८ वर उभा राहतो. ५ चा आकडा दिसतो तो कप्पीचं चाक तिच्याच चौकटीला चिमट्याने अडवून दोरी घसरू दिली नाही, तरच.