म्हातारपणाची काठी : कुटुंबाचा आधार आणि शासनाचा वाटा

नवी दिल्ली : वृद्ध आईवडिलांचा सांभाळ करणे हे भारतीय समाजाने परंपरेने कुटुंबाचेच कर्तव्य मानले आहे. तरीही हे कर्तव्य २००७ साली संसदेला कायद्याच्या स्वरूपात नोंदवावे लागले. रोजगारासाठी होणारे स्थलांतर, शहरातील अपुरी घरे आणि वाढलेले आयुर्मान यांमुळे कुटुंबावरील भार वाढला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यावरील नागरिक १० कोटींहून अधिक होते. २०३६ पर्यंत ही संख्या २२ कोटींच्या पुढे जाईल, असा अधिकृत अंदाज आहे. त्यामुळे या वयोगटाची जबाबदारी कुटुंबाने किती आणि शासनाने किती उचलावी, हा सामाजिक स्थैर्याशी थेट निगडित प्रश्न ठरला आहे.

कायदा काय सांगतो?

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ नुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आईवडील मुलगा, मुलगी किंवा सज्ञान नातवंडांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. अपत्य नसलेल्या ज्येष्ठांना, ज्यांच्याकडे त्यांची मालमत्ता आहे वा वारसाने जाणार आहे, अशा नातेवाइकांविरुद्ध दाद मागता येते. उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. अपवादात्मक स्थितीत ही मुदत ३० दिवसांनी वाढते. निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा दरमहा १० हजार रुपये आहे. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

सर्वाधिक वाद कलम २३ भोवती घडतात. सांभाळाच्या अटीवर घर वा जमीन नावावर करून दिली आणि घेणाऱ्याने पुढे पाठ फिरवली, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. अशी अट सिद्ध होणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र मध्य प्रदेशातील एका मातेने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवताना, या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे बक्षीसपत्र करतानाच सांभाळाची अट लेखी नमूद करणे ज्येष्ठांच्या हिताचे ठरते.

एका घरात दोन दुर्बळ

कायद्याचा वापर घरातील दुसऱ्या दुर्बळ व्यक्तीविरुद्धही होऊ शकतो. सासू-सासऱ्यांच्या अर्जाआधारे सुनेला घराबाहेर काढण्याच्या एका प्रकरणात, ज्येष्ठ नागरिक कायद्याने महिलेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क आपोआप संपुष्टात येत नाही, दोन्ही कायद्यांचा मेळ घालावा लागेल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला.

काही ठिकाणी प्रशासनाने थेट वेतनाला हात घातला आहे. आसामच्या २०१७ च्या कायद्यानुसार आईवडिलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या राज्य कर्मचाऱ्याच्या पगारातून १० टक्के रक्कम कापून त्यांना देता येते. लातूर जिल्हा परिषदेनेही अशा कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के कपातीचा निर्णय घेतला होता.

शासनाचा वाटा

राज्यघटनेचे कलम ४१ वृद्धापकाळात सार्वजनिक साहाय्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते. प्रत्यक्षात इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वयोगटासाठी दरमहा २०० रुपये, तर ८० वर्षांपुढील व्यक्तींसाठी ५०० रुपये आहे. राज्ये त्यात आपापल्या कुवतीनुसार भर घालतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत आणले गेले. रुग्णालयातील उपचारांचा वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यातून भागतो. मात्र अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची घरी रोजची शुश्रूषा बहुतांशी पत्नी, मुलगी किंवा सून हीच विनामोबदला करते.

न्यायाधिकरण निर्वाहखर्च ठरवू शकते, बळकावलेले घर परत मिळवून देऊ शकते. रोजची काळजी मात्र आदेशाने मिळत नाही. ज्या मुलाची स्वतःचीच मिळकत तुटपुंजी आहे, त्याच्यावर दंडाचा धाक फारसा उपयोगी पडत नाही. अशा घरांना पुरेसे निवृत्तिवेतन, जवळ उपलब्ध असणारे उपचार आणि शुश्रूषेसाठी मदतीचा हात मिळाला, तरच कुटुंबाकडून अपेक्षिलेले कर्तव्य त्याला पेलता येईल. तोपर्यंत अडचणीतील ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मार्गदर्शनासाठी उपलब्ध आहे.