रक्तमिश्रित माती आणि साधी माती

खुनाच्या खटल्यांची निकालपत्रं वाचायचं मला फार वर्षांचं वेड आहे. आरोपी कोण आणि शिक्षा किती, यापेक्षा मी त्यात घटनास्थळ पंचनामा शोधतो. विदर्भातल्या खेड्यांमधल्या खटल्यांत एक ओळ पुन्हा पुन्हा भेटते: घटनास्थळावरून रक्तमिश्रित माती आणि साधी माती जप्त केली. साधी माती तुलनेसाठी लागते. दोन्ही पुड्या वेगवेगळ्या बांधतात, पंचांच्या सह्यांची लेबलं डकवतात, लाखेचं सील करतात. दोन मुठी माती सरकार घेऊन जातं. उरलेलं रक्त घरातच राहतं, आणि ते कोणी, कशानं, कधी काढायचं हे पंचनाम्यात मला कधीच वाचायला मिळालं नाही.

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी (मोठी) धानाच्या पट्ट्यात येतं. गावात पोलीस ठाणं आहे. अशा ठाण्याच्या हद्दीत घरात खून झाला की प्रत्येक कामाला माणूस नेमलेला असतो. पोलीस पाटील वर्दी देतो. ठाणेदार चतुःसीमा लिहून घेतात: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर. प्रेत शवविच्छेदनाला जातं, पुड्या नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे. मग गाडी निघून जाते आणि भुई तशीच राहते. तिच्यासाठी कोणीही नेमलेलं नाही.

म्हणून ती घरातल्या बाईच्या वाट्याला येते. तिचा हात चालत नसेल तर जाऊ, नणंद, शेजारच्या बाया पुढे होतात. बादलीभर पाणी, फडा, जुनं लुगडं. मग शेणानं सारवण आणि गोमूत्र शिंपडणं. नात्यातलं कोणी तयार झालं नाही, तर बहुतेक वेळा अशाच वस्तीतून माणूस बोलावला जातो जिच्याकडे गावानं पिढ्यान् पिढ्या मेलेली जनावरं आणि घाण ढकलली. हातात मोजे नसतात. जातीनं लादलेलं हे काम आजही जातीच्याच रस्त्यानं जातं, आणि मला ते सहन होत नाही.

बाहेरच्या जगात याचा रीतसर धंदा झाला. कॅलिफोर्नियात नील स्मिदर यांनी 1996 च्या सुमारास गुन्ह्याची जागा साफ करणारी कंपनी काढली. त्याच राज्यानं 1997 मध्ये अशा जागेवरच्या कचऱ्यासाठी वेगळा कायदा केला आणि सफाईवाल्यांची नोंदणी सक्तीची केली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पीडिताच्या भरपाईत या सफाईचा खर्च मिळतो. जपानमध्ये एकट्यानं मेलेल्या म्हाताऱ्यांची घरं रिकामी करणाऱ्या कंपन्या आहेत. अशीच सफाई करणाऱ्या मेलबर्नच्या सँड्रा पँकहर्स्ट यांच्यावर तर 2017 मध्ये पुस्तकच निघालं. आपल्याकडेही मोठ्या शहरांत खासगी सफाई कंपन्या पैसे घेऊन असं काम करतात, पण धान विकून वर्ष काढणाऱ्या घराला त्यांचा काय उपयोग?

आपल्या कायद्यात याची सोय आहे का, हे पाहायला मी 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम उघडले आणि सुरुवातीलाच अडलो. हे नियम कोणाला लागू, त्याची लांबलचक यादी आहे: रुग्णालयं, दवाखाने, जनावरांच्या संस्था, रक्तपेढ्या, लसीकरणाची शिबिरं, शाळेतली प्रथमोपचाराची खोली, न्यायसहायक प्रयोगशाळा. रक्तदान शिबिरसुद्धा नावानिशी आहे. म्हणजे पुडीतली माती ज्या प्रयोगशाळेत पोचते, ती यादीत आहे. तीच माती ज्या घरातून उचलली, ते घर यादीत नाही. यादी करणाऱ्यांना शाळेची खोली आठवली आणि मेलेल्या माणसाचं घर आठवलं नाही, ही मला या सगळ्या वाचनातली सर्वांत मोठी चूक वाटते.

धोका खरा आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो. नुसत्या पाण्यानं तो मरत नाही, गोमूत्रानंही त्याची खात्री नाही. रुग्णालयात रक्त सांडलं की आधी ते कागदानं किंवा कपड्यानं झाकतात, त्यावर क्लोरीनचं द्रावण ओततात, काही मिनिटं थांबतात, मगच पुसतात आणि जागा पुन्हा धुतात. ताज्या ब्लीचिंग पावडरचे 30 ग्रॅम एका लिटर पाण्यात घातले की साधारण 1 टक्क्याचं द्रावण होतं. संडास धुण्याचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो. फरशी असेल तर एवढ्यावर भागतं. मातीची भुई मात्र रक्त पिते, आणि शेणामातीत क्लोरीनचा जोर लगेच ओसरतो. तिथे रबरी मोजे घालून ओला थर फावड्यानं खरवडून काढावा लागतो, नवी माती भरून चोपावी लागते, सारवण त्यानंतर. भिजलेली गोधडी कोणी तलावावर धुवायला नेऊ नये.

पण घाईही करता येत नाही. याच भंडारा जिल्ह्यात 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारून त्यांची प्रेतं कालव्यात टाकली गेली. भंडाऱ्याच्या न्यायालयानं 2008 मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं, त्यात पुरावा नष्ट केल्याचा गुन्हाही होता. प्रेतं उकरून दुसऱ्यांदा तपासावी लागली, तरी त्या चौघांतल्या सुरेखा आणि प्रियंका यांच्यावर काय काय अत्याचार झाले, याचं सगळं उत्तर न्यायालयात आलं नाही. पहिल्या काही तासांत जे धुऊन जातं ते परत मिळत नाही, हे भंडाऱ्याइतकं कोणाला कळावं?

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं जागेवर येऊन पुरावा गोळा करावा, चित्रीकरण व्हावं, असं कलम 176 सांगतं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. मी या कलमाच्या पूर्ण बाजूनं आहे. मात्र तज्ज्ञाची गाडी येईपर्यंत जागा तशीच ठेवायची, आणि खेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात त्याच जागेला लागून चूल आणि धानाची पोती असतात. तेवढा वेळ पोरांनी कुठे झोपायचं? तपास जेवढा काटेकोर होईल, तेवढी घरच्यांची अडचण वाढणार, आणि त्याची तरतूद कोणी केलेली नाही.

रक्त घराबाहेरही सांडतं. याच पट्ट्यात सीटी-1 नावाच्या वाघानं वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागात 13 माणसं मारली. ऑक्टोबर 2022 मध्ये तो वडशाच्या जंगलात पकडला गेला. जंगलातलं रक्त पाऊस धुतो. घराच्या आत पाऊस येत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पंचनामा संपला की जागा धुवायला मोकळी झाल्याचं ठाण्यानं घरच्यांना लेखी द्यावं. ठाण्यात मोजे, मास्क, ब्लीचिंग पावडर आणि पिवळ्या पिशव्यांची पेटी असावी, आणि जवळच्या आरोग्य केंद्रानं त्या भरलेल्या पिशव्या आपल्या कचऱ्याबरोबर न्याव्यात. काम प्रशिक्षित माणसानं, ठरलेल्या मजुरीवर करावं, मग तो कोणत्याही जातीचा असो. पीडितांची भरपाई जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. त्यात हा खर्च स्पष्ट शब्दांत लिहावा. तोवर वाचकांना एवढीच विनंती: तुमच्या गावात असं घडलं, तर पोलिसांनी हो म्हणेपर्यंत कशालाही हात लावू देऊ नका, आणि हो म्हटल्यावर त्या घरच्या बाईला फडा उचलू देऊ नका.