खोड नाही, तक्रार आहे!

परागकण नाकात गेले की आपण शिंकतो, डोळे चोळतो, नाक पुसून पुसून लाल करतो. आता सांगा, तेच परागकण कुत्र्याला सोसले नाहीत, तर कुत्रा काय करेल?

पाय चाटेल!

हो, शिंकण्यापेक्षा खाजवणंच जास्त. पंजे चाटेल, बोटांच्या बेचक्यात दात घालून कुरतडेल, कान खाजवेल, सोफ्याच्या कडेला तोंड घासेल. घरातले कौतुकाने म्हणतील, "किती स्वच्छ बाई आमचा मोती, सारखे पाय साफ करतो!" नाहीतर वैतागून म्हणतील, "वाईट खोड लागलीय त्याला." पण दोस्तांनो, बरेचदा ती स्वच्छताही नसते आणि खोडही नसते. ती तक्रार असते. आपली ॲलर्जी नाकावर निघते, कुत्र्याची कातडीवर. आणि मांजराची कधी कातडीवर, तर कधी थेट छातीत.

घरात पांढरा किंवा फिकट रंगाचा कुत्रा असेल, तर त्याचे पंजे उचलून बघा. बोटांमधले केस तांबूस झालेत? कुत्र्याच्या लाळेत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात. तोच तोच भाग चाटत राहिलं की केसांवर त्यांचा रंग चढतो. तुम्ही शाळेत असताना साहेबांनी दिवसभर काय केलं, त्याचा पुरावा पंजावरच!

कातडीखाली काय घडतं?

कुत्र्याच्या, मांजराच्या आणि आपल्याही कातडीत मास्ट पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर डाळिंबासारख्या, आत दाणेच दाणे. या दाण्यांत हिस्टामिन नावाचं रसायन भरलेलं असतं. एखादी निरुपद्रवी गोष्ट, म्हणजे गवताचे परागकण, बुरशी किंवा धुळीतले माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव, शरीराला उगीचच शत्रू वाटली की ते तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तीच गोष्ट पुन्हा आली की पेशी फटाफट दाणे बाहेर टाकतात. हिस्टामिन पसरतं आणि सुरू होते खाज, लाली, सूज.

'पुन्हा आली की' हे शब्द लक्षात ठेवा. ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही! शास्त्रज्ञांना हे कळलं तेही कुत्र्यांमुळेच. 1901 साली मोनॅकोचे प्रिन्स पहिले आल्बर्ट यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं, म्हणजे सी-ॲनिमनीचं विष कुत्र्यांना टोचलं. थोडं थोडं दिलं तर कुत्र्यांना ते पचायला लागेल, असा त्यांचा अंदाज. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिल्या वेळी फारसं काही झालं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा थोडंसं विष दिलं, आणि काही सेकंदांत त्याला धाप लागली. बिचारा वाचला नाही. अंदाजाच्या अगदी उलट घडलं होतं! या शोधासाठी रिशे यांना 1913 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणून कुत्र्याच्या खाण्यात ॲलर्जीचं कारण शोधताना "काल नवीन काय खाल्लं?" एवढंच विचारून भागत नाही. वर्षानुवर्षं खाल्लेला पदार्थसुद्धा एक दिवस बाधू लागतो. कुत्र्यांना बाधणाऱ्या पदार्थांत बीफ, कोंबडी, दूध आणि गहू हे नेहमीचे. आपल्याकडच्या दूधपोळीत त्यातले दोन आहेत बघा! पण घाबरून लगेच ताटली उचलू नका. बहुतेक कुत्र्यांना दूधपोळीची ॲलर्जी नसते. शंका असेल तर डॉक्टर सुमारे 8 आठवडे ठरावीकच जेवण द्यायला सांगतात. या काळात टेबलाखालून गुपचूप सरकवलेलं अर्धं बिस्किटही सगळी परीक्षा फुकट घालवतं. कळलं का, हळूच बिस्किट सरकवणाऱ्यांनो?

करून बघा : काळे कण

शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर जास्त खाज असेल, तर पहिला संशय पिसवांवर. खाज नुसत्या चावण्याने येत नाही, पिसवेच्या लाळेने येते. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला किंवा मांजराला एखाददोन चावेही पुरतात. गंमत म्हणजे पिसू दिसतच नाही, कारण चाटता चाटता ती पोटात गेलेली असते!

मग पकडायची कशी? बारीक दातांच्या फणीने केस विंचरा. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका आणि थोडं थांबा. साधी माती असेल तर काळीच राहील. कणांभोवती तांबडे डाग पसरले, तर ती पिसवांची विष्ठा. तो तांबडा रंग पचलेल्या रक्ताचा. नंतर हात साबणाने धुवा, हं!

मनीचा खोकला

आता मांजराकडे वळू. मनीमाऊ अंग चोरून जमिनीलगत बसते, मान पुढे ताणते आणि खॉक खॉक करते. आपण म्हणतो, "केसांचा गोळा अडकला असेल." गोळा अडकला असेल तर पोट आत-बाहेर होतं आणि शेवटी काहीतरी बाहेर पडतं. पण असा खोकला पुन्हा पुन्हा येत असेल आणि बाहेर काहीच पडत नसेल, तर तो दमा असू शकतो. दम्यात श्वासनलिकांचं अस्तर सुजतं, आत चिकट कफ साचतो, भोवतालचे स्नायू आवळतात. आत घेतलेली हवा बाहेर सोडणं अवघड होतं. कुत्र्यांमध्ये असा दमा क्वचितच. कुत्रा खोकत असेल तर डॉक्टर आधी हृदय, श्वासनलिका नाहीतर संसर्ग तपासतात.

मनी गाढ झोपली की एक सोपं मोजमाप करा. पोट वर-खाली झालं की एक श्वास. घड्याळ लावून 30 सेकंद मोजा, दुप्पट करा. मिनिटाला 30 पर्यंत ठीक. सतत त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना कळवा. ती गुरगुरत असेल तर मात्र नंतर मोजा. आणि मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, हिरड्या निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका. तडक दवाखाना!

मांजरांनाही इनहेलर देतात, हे माहीत होतं? औषध बरेचदा माणसांचंच. फवारा एका नळकांड्यात मारायचा, त्याच्या टोकाला छोटासा मास्क असतो, तो मनीच्या नाकातोंडावर धरायचा. सात ते दहा श्वास झाले की झालं काम. आधी रिकाम्या मास्कची ओळख, मग खाऊ, मग पुन्हा मास्क, असं शिकवलं तर बरीच मांजरं शहाण्यासारखी बसतात.

तुम्ही काय करू शकता?

फिरून आल्यावर कुत्र्याचे पंजे ओल्या फडक्याने पुसा. कुत्र्यामांजरांचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची आठवण करा. दमेकरी मांजराच्या खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सिगारेट, सुवासिक स्प्रे काही नको. दिवाळीत फटाक्यांचा धूर येतो त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा.

आणि आपल्या घरातली गोळी त्यांना कधीही देऊ नका. आपला साधा पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकतो. कुत्र्यांच्या पिसवांसाठी असलेले परमेथ्रिनचे थेंबही मांजराला विषारी.

ॲलर्जी नेमकी कशाची, हे शोधायला डॉक्टर कधी कधी कातडीवर चाचणी करतात. कुशीवरचे केस कापून वेगवेगळे पदार्थ अगदी थोडे थोडे टोचतात आणि कुठे गांध येते ते बघतात. माइट, परागकण, बुरशी अशी मोठी यादी असते, आणि त्या यादीत माणसाच्या त्वचेचा कोंडासुद्धा असू शकतो! म्हणजे मोतीला तुमचीच ॲलर्जी निघाली, असंही होऊ शकतं.

शेवटचं काम खास तुमचं. दवाखान्यात गेल्यावर मांजर हमखास खोकत नाही आणि कुत्रा पाय चाटायचं विसरतो. म्हणून घरी खोकला किंवा खाजवणं सुरू झालं की मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. आईबाबा मोबाइल हातात देत नसतील, तर त्यांना हा लेख दाखवा!