काम खूप, तरी हाडे ठिसूळ

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला व्यायाम करायला सांगितले, की ओपीडीत हमखास उत्तर मिळते, "डॉक्टर, दिवसभर काम करतेच की. अजून वेगळा व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. सोलापुरात हजारो महिला घरी विड्या वळतात. एकट्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरे उभी राहिली. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसणाऱ्या या बायकांच्या कष्टाला तोड नाही. पण हाडांच्या हिशेबात हे काम जवळजवळ धरलेच जात नाही.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. तिथे जुना भाग सतत झिजतो आणि नवा भरला जातो. किती भरायचे, हे हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरते. अंतराळात शरीराचे वजनच जाणवत नाही, म्हणून अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे एक टक्क्याने घटते. बैठ्या कामात बोटे थकतात, मान-पाठ आखडते, पण खुब्याला आणि पायांना हवा तो भार मिळत नाही.

त्यात पाळी थांबते. आपल्याकडे ती साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. हाडांची झीज आवरून धरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि पुढची काही वर्षे हाडे वेगाने विरळ होतात. कमी वयात पिशवी काढताना अंडाशयही काढले असतील, तर ही झीज आणखी लवकर सुरू होते. हे सगळे न दुखता चालते. मोरीत पाय घसरतो, खुबा मोडतो आणि तेव्हा कळते. त्यानंतर अनेकजणी पूर्वीसारख्या चालू शकत नाहीत. कमाई थांबते, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी काम सोडून बसावे लागते आणि अंथरुणाला खिळल्यास न्यूमोनिया किंवा पाठीच्या जखमा जिवावर बेततात.

आता ताटाकडे पाहू. पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे. आपली ज्वारीची भाकरी उत्तमच. पण पाव किलो पिठाच्या भाकऱ्यांतून जेमतेम ७० मिलिग्रॅम मिळते. शेंगाचटणीतून प्रथिने मिळतात, कॅल्शियम थोडेच. दोन्ही सोडू नका, जोड द्या. पेलाभर दुधातून सुमारे २४० आणि मोठ्या वाटीभर दह्यातून २०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, म्हणून रोज एक भाकरी नाचणीची करा. बिनपॉलिशच्या तिळाची चटणी आणि शेवग्याचा पाला हेही स्वस्त आणि चांगले. पालकातले कॅल्शियम मात्र शरीराला फारसे लागत नाही. डाळ, उसळ, चालत असेल तर अंडे रोज हवेच, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो.

खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून शोषले जायला 'ड' जीवनसत्त्व लागते. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण आपण त्यापासून लपतो. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हातून हे जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही, काचेतून आलेल्या उन्हातून तर नाहीच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, ती वेळ उपयोगाची. उन्हाळ्यात साडेनऊ-दहाला, थंडीत अकरानंतर वीसएक मिनिटे हात आणि पाठ उन्हात राहू द्या. भर दुपारी चाळीस अंशांत बसू नका. 'ड' जीवनसत्त्वाची जास्त मात्रेची गोळी वर्षानुवर्षे मनाने घेऊ नका. ती अति झाल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

आणि व्यायाम? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात हाडे विरळ झालेल्या, ५८ वर्षांपुढच्या १०१ स्त्रिया होत्या. त्यांच्यातील एका गटाने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या मणक्याची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरीच हलका व्यायाम केलेल्या दुसऱ्या गटाची एक टक्क्याने घटली. जड वजने घरी एकट्याने उचलू नयेत. पण खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे, जिना चढणे, भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहणे आणि रोज अर्धा तास भरभर चालणे कुणालाही जमेल. विड्या वळताना दर तासाला उठून पाच मिनिटे हे करा. ज्यांचा मणका दबला आहे किंवा पाठीला पोक आले आहे, त्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत आणि डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, उंची कमी झाली असेल, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतले असेल, पाळी चाळिशीच्या आत गेली असेल किंवा वय ६५ च्या पुढे असेल, तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. हाडे फार विरळ असतील तर औषधे आहेत आणि ती फ्रॅक्चरचा धोका खरोखर कमी करतात. मिशरी सोडा, मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नका, मोरी कोरडी ठेवा आणि रात्री वाटेत दिवा असू द्या. घरातल्या सुना-मुलींनीही आजच नाचणी आणि उठबस सुरू करावी. तिशीपर्यंत जितके हाड साठते, त्यावरच पुढची चाळीस वर्षे काढायची असतात.