बॉरो की लेंड?

सिंगापूरमध्ये तुम्ही ऐकलं असेल: 'बॉरो मी युअर पेन!' खरं तर इथे 'लेंड' हवं. बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं. चिनी भाषेत दोन्हींसाठी 'ज्ये' हा एकच शब्द चालतो, म्हणून अशी सरमिसळ होते.

मराठीत ज्याच्याकडून घेतो त्याला 'कडून' लागतं. ज्याला देतो त्याला 'ला':

मी ताईकडून 10 डॉलर उसने घेतले.
ताईने दादाला 10 डॉलर उसने दिले.

जपून हं! 'मी तुला पेन घेतलं' म्हणजे 'तुझ्यासाठी विकत घेतलं'. मैत्रीण नव्या पेनाची वाट बघत बसेल! म्हणून सांगा, 'मी तुझ्याकडून पेन घेतलं.' आणि मागताना एवढंच पुरे: 'जरा तुझं पेन देतेस का?'