पाणघोडा, गोम आणि पंचेचाळीस अक्षरांचा आजार

न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस.

वाचा बघू एका दमात! जीभ अडखळली असेल तर पुन्हा वाचा, मी थांबतो. इंग्रजीत हा शब्द लिहायला तब्बल ४५ अक्षरं लागतात आणि मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत तो खरोखर छापलेला असतो. गंमत म्हणजे तो कुणा डॉक्टरने तयार केलेला नाही. अमेरिकेत शब्दकोड्यांच्या वेडाने झपाटलेल्या लोकांची एक संघटना आहे, नॅशनल पझलर्स लीग. तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली हा शब्द मुद्दाम ताणून ताणून बनवला. खोडीच ती! पण शब्द पोकळ नाही. त्याला अर्थ आहे, आणि तो शब्दकोश न उघडता काढता येतो.

कसा? हा शब्द म्हणजे एक मालगाडी समजा आणि एकेक डबा सुटा करा. ‘न्यूमोनो’ म्हणजे फुप्फुस. न्यूमोनिया हा आजार ऐकलाय ना, तिथलाच हा डबा. ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडचं. ‘मायक्रो’ म्हणजे बारीक, ‘स्कोप’ म्हणजे बघणं. ‘सिलिको’ म्हणजे वाळूत असते ती सिलिका. ‘व्होल्कॅनो’ तर तुम्हाला ठाऊकच आहे, ज्वालामुखी. ‘कोनि’ आला ग्रीक भाषेतून, तिथे ‘कोनिस’ म्हणजे धूळ. आणि शेवटचा ‘ओसिस’ म्हणजे बिघाड, आजारपण. आता जोडा सगळं: सूक्ष्मदर्शकातही धड दिसणार नाही इतकी बारीक, ज्वालामुखीतली सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार. डॉक्टर मंडळी एवढा दम खर्च करत नाहीत, सिलिकोसिस म्हणतात आणि मोकळे होतात. दगड फोडणाऱ्या, खाणीत राबणाऱ्या कामगारांना हा आजार खरंच होतो. तेवढा भाग मात्र अजिबात गमतीचा नाही.

आता खरी मजा. हे डबे एकाच गाडीचे नसतात. आज या गाडीला, उद्या त्या गाडीला.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांच्या पाटीवर कधी कधी एक भलंमोठं नाव असतं: ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजिस्ट. ‘ओटो’ म्हणजे कान, ‘ऱ्हायनो’ म्हणजे नाक, ‘लॅरिंगो’ म्हणजे घशातलं स्वरयंत्र. आता जरा थांबा. ‘ऱ्हायनो’? हा तर गेंडा! बरोबर. गेंड्याचं पूर्ण नाव ऱ्हायनोसेरॉस, म्हणजे नाकावर शिंग असलेला. ‘केरास’ हे शिंगाचं ग्रीक नाव, इंग्रजीत येता येता त्याचं ‘सेरा’ झालं. आणि ते आणखी कुठे सापडतं? ट्रायसेराटॉप्स या डायनोसॉरच्या नावात. ‘ट्राय’ तीन, ‘सेरा’ शिंग, ‘ऑप्स’ चेहरा. तीन शिंगांच्या तोंडाचा! म्हणजे डॉक्टरांच्या पाटीवरून निघालो ते गेंड्यापाशी थांबून थेट डायनोसॉरपर्यंत पोचलो.

तसाच हिप्पोपोटेमस. ‘हिप्पॉस’ म्हणजे घोडा, ‘पोटॅमॉस’ म्हणजे नदी. नदीचा घोडा. आपण त्याला पाणघोडा म्हणतोच. इतिहासाच्या पुस्तकात मेसोपोटेमिया येतं, त्यातला ‘पोटे’ही हाच. ‘मेसो’ म्हणजे मधला, म्हणून मेसोपोटेमिया म्हणजे टायग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांमधला मुलूख. परीक्षेत ‘ही संस्कृती कोणत्या नद्यांच्या काठी उदयास आली’ असं विचारतात, तेव्हा निम्मं उत्तर नावातच दडलेलं असतं.

एक फसवा शब्द देतो. हेलिकॉप्टर. कुठे तोडाल? सगळे ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असाच तोडतात, इंग्रज लोकसुद्धा. पण मूळ जोड तिथे नाहीच! ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्रासारखं पिळदार, आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. पिळदार पंखवालं यंत्र. टेरोडॅक्टिल नावाच्या प्राचीन उडत्या सरीसृपाच्या नावातलं ‘टेरो’ हेच. इंग्रजीत त्याच्या स्पेलिंगमधला पहिला ‘पी’ मुका असतो आणि हेलिकॉप्टरमध्ये तोच बोलका होतो. ‘डॅक्टिल’ म्हणजे बोट, कारण त्याचा अख्खा पंख एका लांबलचक बोटावर ताणलेला असायचा.

बरं, हा ‘प्टेरॉन’ आपला दूरचा चुलतभाऊ लागतो, माहितीये? संस्कृतात ‘पत्’ म्हणजे उडणं, पडणं. त्यावरून पंखाला ‘पत्र’ आणि उडणाऱ्याला ‘पतंग’. संक्रांतीला गच्चीवरून उडवतो तो पतंग आणि ‘हेलिकॉप्टर’ या शब्दाची शेपटी, दोघांचं मूळ एक! १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशांनी जाहीरपणे सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमध्ये इतकं साम्य आहे, की त्या एकाच जुन्या भाषेतून निघाल्या असाव्यात. तुम्हीच ताडून बघा. दंत आणि डेंटिस्ट. पद आणि पेडल. त्रि आणि ट्रायपॉड. अष्ट आणि ऑक्टोपस. सप्त, अष्ट, नव, दश आणि सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. पण सप्टेंबर तर नववा महिना, मग त्यात सात कुठून आले? जुन्या रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. मोजा बोटांवर.

म्हणून मराठी मुलांना इंग्रजीतले अवघड शब्द परके वाटतात, याचं मला जरा नवलच वाटतं. निम्मे डबे तर घरचेच आहेत.

पण शंभर शब्दांची यादी समोर घेऊन, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ अशी घोकंपट्टी केली तर काय होतं? जर्मनीत हर्मन एबिंगहाउस नावाच्या संशोधकांनी हे स्वतःवरच करून पाहिलं. त्यांनी काहीच अर्थ नसलेली हजारो अक्षरं तयार केली, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि किती लवकर विसरतो हे मोजलं. १८८५ मध्ये पुस्तकच लिहिलं त्यावर. दुसऱ्या दिवशी तीच यादी पुन्हा पाठ करायला घेतली की आदल्या दिवशीची जवळजवळ दोन तृतीयांश मेहनत वाया गेलेली असायची. मग त्यांनी बायरन या इंग्रज कवीची कडवी पाठ करून पाहिली. तेवढ्याच लांबीच्या अर्थहीन यादीच्या मानाने तिथे साधारण एक दशांश श्रम पुरले! अर्थाला धरून आलेलं डोक्यात टिकतं, ते असं. अमेरिकेतल्या प्रसिद्ध स्पेलिंग बी स्पर्धेत तर मुलांना शब्द ऐकल्यावर ‘हा कुठल्या भाषेतून आला?’ असं विचारायची मुभाच असते. सोयीचा प्रश्न आहे, कारण डबे कुठल्या कारखान्याचे ते कळलं की अक्षरं आपोआप लागतात. २०२१ पासून तर तिथे मंचावरच मुलांना शब्दाचा अर्थही विचारू लागले आहेत.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, डबे पाठ केले की झालं! नाही. कारण नावं थापा मारतात.

ऑक्सिजन घ्या. शब्द फोडला तर निघतो ‘आम्ल बनवणारा’. फ्रान्सच्या लाव्हॉझिए यांनी हे नाव दिलं, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असं त्यांना वाटत होतं. पुढे कळलं, की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा कणही नाही. तोवर नाव चिकटलं होतं. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये ‘वाईट हवा’. दलदलीच्या कुबट हवेने हिवताप येतो, अशी जुनी समजूत. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले आणि बिचारी हवा निर्दोष सुटली. तरी नाव तेच राहिलं.

सगळ्यांत मोठी थाप गोमेच्या नावात. इंग्रजीत ती सेंटिपीड, म्हणजे शंभर पायांची. पण गोमेच्या पायांच्या जोड्या मोजल्या तर त्या जवळजवळ नेहमी विषम भरतात. १५, २१, २३ अशा. शंभर पाय हवेत तर ५० जोड्या लागतील, आणि ५० ही तर सम संख्या! तिची नातलग मिलिपीड, म्हणजे हजार पायांची. पावसाळ्यात अंगणात दिसतो, हात लावला की गोल वेटोळं करून बसतो, तो किडा. कुणी त्याला वाणी म्हणतं, कुणी पैसा. नाव हजारपायी, पण किती तरी वर्षं ७५० पायांच्या पुढे कुणी गेलेला सापडलाच नव्हता. आणि मग पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीत ६० मीटर खोल पाडलेल्या छिद्रातून एक किडा वर आला. दोऱ्यासारखा बारीक, आंधळा, फिकट. शास्त्रज्ञांनी पाय मोजले: १,३०६! २०२१ मध्ये त्याचं नाव जाहीर झालं, युमिलिपीस पर्सिफोनी. ‘यु’ म्हणजे खरा. खराखुरा हजारपायी! पर्सिफोनी ही ग्रीक कथांमधली पाताळाची राणी. नाव ठेवणाऱ्यांनी हसत हसतच ठेवलं असणार.

जाता जाता आपल्याकडची दोन नावं. ‘सॉरस’ म्हणजे सरडा, हे आता सांगायला नको. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला एका प्रचंड डायनोसॉरची हाडं सापडली, त्याचं नाव इसिसॉरस. फोडा. इसिस? इजिप्तची देवी? चक्क नाही! आय, एस, आय: कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. संख्याशास्त्राच्या संस्थेचं नाव डायनोसॉरला! तिथे खडकांचा आणि जीवाश्मांचाही अभ्यास होतो, म्हणून. आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातला बारापासॉरस? त्याला बारा पाय नव्हते. बंगालीत ‘बडो’ म्हणजे मोठा आणि ‘पा’ म्हणजे पाय, कारण त्याच्या मांडीचं हाडच जवळजवळ १.७ मीटर लांब होतं, म्हणजे उभ्या माणसाएवढं. त्याचं पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय. ही हाडं खणून काढली ते १९६१ साल रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं होतं.