घरचं अत्तर आणि हरवलेली पहिली बाटली

लॅबमध्ये मी मायक्रोग्रॅममध्ये वजनं करते, नोटबुकमध्ये वेळेची नोंद मिनिटासकट ठेवते. आणि घरी अत्तर करताना मात्र ‘वाळ्याचे पंधराएक थेंब’ असं दुधाच्या पिशवीच्या मागे लिहून ठेवलं. त्यातून जे झालं ते आज सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय आणि ‘रिसर्च मेथडॉलॉजी’ म्हणजे पाठ करायचे मुद्दे असं तुम्हाला वाटत असणार. मलाही वाटायचं.

गोष्ट साधी आहे. मी हौस म्हणून दहा ग्रॅमची एक रोल-ऑन बाटली केली. संत्रं, लॅव्हेंडर, वाळा आणि थोडी लवंग. ती मामेबहिणीला दिली. दीड महिन्याने तिचा फोन आला, “ताई, बाटली संपली. हळदीला माझ्या बारा मैत्रिणींना द्यायला अशाच बारा करून दे ना.” मी त्याच पिशवीवरचं वाचून एक नमुना केला. वास घेतला. तो अत्तर तो नव्हताच. मातकट, जड, वर काहीतरी शिळं. हळद अडीच महिन्यांवर होती.

आधी हे सांगते की मी हीच तेलं आणि हेच माध्यम का घेतलं, कारण ‘स्वस्तात घरचं परफ्यूम’ म्हटलं की दोन कल्पना सगळ्यांना सुचतात आणि दोन्ही फसतात.

पहिली कल्पना, फुलं. मुलुंड किंवा घाटकोपर स्टेशनबाहेर मोगऱ्याचे गजरे मिळतात, ते तेलात भिजवायचे. मी केलंय. तिसऱ्या दिवशी आंबूस वास आला. फुलवाले गजऱ्यावर पाणी शिंपडतात, ते पाणी तेलात जातं आणि फुलं कुजतात. शिवाय मोगऱ्यात इंडोल नावाचं संयुग असतं. अगदी कमी प्रमाणात ते मोगऱ्याला मोगरा बनवतं, जास्त झालं की घाण वाटतं. मोगरा तोडल्यावरही काही तास सुगंध सोडत राहतो, म्हणून जुन्या पद्धतीत फुलं थंड चरबीच्या थरावर पसरून रोज बदलत. म्हणजे एका बाटलीसाठी पुष्कळ गजरे. गुलाबाचं तर विचारूच नका, एक किलो गुलाब तेलाला साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात. कनौजचे अत्तरवाले देग-भपक्यावर फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, ते वेगळं कौशल्य आहे. टू-रूम किचनमध्ये प्रेशर कुकरला नळी लावून ते करायला जाऊ नका. आईने मला ओट्यापासून हाकलून लावलं ते योग्यच होतं.

दुसरी कल्पना, अल्कोहोल. बाजारातला स्प्रे म्हणजे सुगंधी तेलं अधिक इथेनॉल. पण शुद्ध इथेनॉल आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली येतं आणि परवान्याशिवाय मिळत नाही. लॅबमधल्या इथेनॉलचा हिशेब रजिस्टरमध्ये असतो, त्यातलं ‘थोडंसं’ घरी आणण्याचा विचारही करू नका. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते अंगाला लावायची गोष्ट नाही. राहिली व्होडका. आपल्याकडच्या व्होडकात ४२.८ टक्के अल्कोहोल असतं आणि उरलेलं बहुतेक पाणी. संत्र्याच्या तेलातलं लिमोनीन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे थेंब टाकताच सगळं दुधासारखं पांढुरकं होतं आणि नंतर तेल वर तरंगतं.

म्हणून तेलाचं माध्यम. खोबरेलाला स्वतःचा वास असतो, मी फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइल वापरलं. ते जवळपास वासहीन असतं आणि लवकर खवट होत नाही. आपल्या अत्तराची परंपराही तेलाचीच आहे. लग्नात अत्तरदाणीतून मनगटाला लागायचं त्यात अल्कोहोल कुठे होतं?

आता तेलांची निवड, म्हणजे थोडं भौतिक रसायनशास्त्र. वास यायचा तर रेणू उडून नाकात यायला हवा, म्हणजे प्रश्न बाष्पदाबाचा. लिमोनीनमध्ये दहा कार्बन, कोणताही हायड्रोजन बंध नाही, ते झटकन उडतं. लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचा बाष्पदाब लिमोनीनच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. वाळ्यात पंधरा कार्बनवाली जड संयुगं, ती तासन् तास टिकतात. सुगंधवाले याला टॉप, मिडल आणि बेस नोट म्हणतात. पण ‘रेणू जड म्हणून कमी उडतो’ एवढंच उत्तर मुलाखतीत देऊ नका. व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलीन १५२ वजनाचं, लिनालूल १५४ चं. वजन जवळपास सारखं, तरी व्हॅनिलीनचा बाष्पदाब हजारपटीहून कमी. व्हॅनिलीनचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, ते स्फटिकरूप घन आहे. फरक रेणूंमधल्या आकर्षणाचा आहे.

या सगळ्याचं औपचारिक शिक्षण आपल्या अगदी जवळ मिळतं. एस. एच. केळकर आणि कंपनी हे १९२२ पासूनचं मराठी माणसांचं सुगंधाचं नाव, त्यांचं कार्यालय मुलुंडला लाल बहादूर शास्त्री मार्गावर आहे. मुलुंड पूर्वेचं वझे कॉलेज केळकर एज्युकेशन ट्रस्टचं, तिथे परफ्यूमरी आणि कॉस्मेटिक्स मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, परफ्यूमरी आणि फ्लेवर टेक्नॉलॉजीत एम.टेक. करता येतं. सेंट्रलच्या लोकलमध्ये रोज या स्टेशनांवरून जाणाऱ्या किती केमिस्ट्रीवाल्यांना हे माहीत असतं?

तर दुसरी बाटली का बिघडली? शांतपणे बसून यादी केली तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या बाटलीत एक नाही, तीन गोष्टी बदलल्या होत्या. एक, पहिल्या वेळी थेंब तेलांच्या बाटल्यांच्या तोंडातून पाडले होते, दुसऱ्या वेळी मेडिकलमधून आणलेल्या काचेच्या ड्रॉपरने. दोन, पहिली बाटली दिली तेव्हा तीन आठवडे मुरलेली होती, दुसरी मी त्याच दिवशी हुंगली. तीन, संत्र्याचं तेल दरम्यान खिडकीत उन्हात अर्धं उघडं पडलं होतं. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. मला दोष मुरण्यावर टाकायचा होता, कारण त्यात माझी चूक कमी दिसते. पण तीन गोष्टी एकदम बदलल्या असताना कोणतीही एक दोषी ठरवता येत नाही.

थेंबांचा प्रश्न नाकाशिवाय सुटला. ऑनलाइन साडेतीनशे-चारशे रुपयांत सोनाराचा छोटा डिजिटल काटा मिळतो, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. एक थेंब त्यावर मोजण्यात अर्थ नाही, थेंबच ०.०२ ग्रॅमचा असतो. म्हणून वीस थेंब पाडून भागायचं. माझ्या बाटल्यांमधून संत्र्याचे वीस थेंब ०.४० ग्रॅम भरले, लॅव्हेंडरचे आणि लवंगेचे प्रत्येकी ०.५०, वाळ्याचे ०.६०. काचेच्या ड्रॉपरने वाळ्याचे तेच वीस थेंब ०.८० भरले. थेंब हे माप नाहीच. तो तोंडाच्या आकारावर, पृष्ठताणावर, तेलाच्या घट्टपणावर ठरतो. तुमचे आकडे वेगळे येतील, यायलाच हवेत.

नशिबाने जुन्या बाटल्या टाकल्या नव्हत्या. पिशवीवर संत्रं २५, लॅव्हेंडर २०, वाळा १५, लवंग २ थेंब असं होतं. त्याचं वजन झालं ०.५०, ०.५०, ०.४५ आणि ०.०५ ग्रॅम. एकूण दीड ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅममध्ये १५ टक्के. इथे लवंगेची अडचण बघा. ०.०५ ग्रॅम मोजताना काटा ०.०१ ने चुकला तर ती २० टक्क्यांची चूक. उपाय तुम्ही बी.एस्सी.लाच शिकलात, स्टॉक सोल्यूशन. एक ग्रॅम लवंग तेल नऊ ग्रॅम माध्यमात मिसळायचं आणि त्यातलं ०.५० ग्रॅम घ्यायचं. मग शुद्ध माध्यम ८.०५ ग्रॅम. काट्याची तीच ०.०१ ची चूक आता दोन टक्के. या एका परिच्छेदासाठी काटा विकत घ्या.

उरलेल्या दोन कारणांसाठी घरातली आणि शेजारची सहा नाकं कामाला लावली. पद्धत ट्रँगल टेस्टची: तीन कागदी पट्ट्या, दोन सारख्या, एक वेगळी, वेगळी कोणती ते ओळखा. पट्ट्यांवर फक्त आकडे, आणि कोणता आकडा कशाचा हे भावाकडे. हुंगणाऱ्यालाच नाही, विचारणाऱ्या मलाही माहीत नव्हतं. नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता एक तृतीयांश. सहापैकी चार किंवा जास्त जण अंदाजाने बरोबर येणं तसं दुर्मिळ नाही, शक्यता १० टक्के. पाच किंवा जास्त येण्याची शक्यता मात्र दोन टक्क्यांखाली. म्हणून पाचची रेषा आधीच ठरवली. निकाल बघून रेषा ठरवणं म्हणजे बाण मारल्यावर लक्ष्य काढणं.

जुनं संत्रं विरुद्ध नवीन संत्रं, बाकी सगळं तेच: पाच जणांनी ओळखलं. तीन आठवडे मुरलेली विरुद्ध ताजी: तिघांनी. यावरून ‘मुरण्याने फरक पडत नाही’ असं मी म्हणू शकत नाही. एवढंच म्हणेन की सहा नाकांना तो दिसला नाही. शेजारच्या काकू अजून म्हणतात, लोणचं मुरतं तसं अत्तर मुरतंच.

संत्र्याचं मात्र गंभीर निघालं. लिमोनीनचं हवेत ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून तयार होणारे हायड्रोपेरॉक्साइड त्वचेला ॲलर्जी आणू शकतात. म्हणजे प्रश्न फक्त शिळ्या वासाचा नव्हता, ते बारा जणींच्या मनगटाला लागणार होतं. लिंबूवर्गीय तेल घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्याची तारीख लिहा. दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी काळवंडू शकते, ते टाळाच. लवंग, दालचिनी जपून. इंटरनॅशनल फ्रॅग्रन्स असोसिएशनच्या मर्यादा वाचता येतात, वाचा. आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. विकायचा विचार असेल तर सौंदर्यप्रसाधनांचे परवान्याचे नियम लागू होतात, हौस तिथे संपते.

खर्च? काटा, चार तेलं, माध्यम, बाटल्या धरून मला दोन हजारांच्या आत पडला, त्यात सर्वात महाग वाळा. शंभर रुपयांत ‘शुद्ध वाळा’ मिळाला तर कागदावर थेंब टाकून बघा. काही दिवसांनीही तेलकट डाग तसाच राहिला तर त्यात साधं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता बरीच. मात्र खरा वाळाही सावकाश उडतो, म्हणून शेजारी खात्रीच्या तेलाचा थेंब हवाच. कंट्रोलशिवाय डाग काही सांगत नाही.

बारा बाटल्या वेळेत झाल्या. बहिणीने वास घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, “मस्त आहे. तोच आहे ना?” मला सांगता आलं नाही. पहिल्या बाटलीतला एक थेंबही मी बाजूला ठेवला नव्हता, तुलना करायला काही उरलंच नव्हतं. यावेळी तेरा केल्या. तेरावी फ्रिजच्या दारात आहे, लॉट नंबर आणि तारखेसकट, वर आईसाठी मोठ्या अक्षरात: ‘उघडू नये.’